‘काही लागलं तर सांगा’ न म्हणणारी माणसं

नानांच्या फाइलमधल्या शेवटच्या कागदावर डॉक्टरांनी ‘बेस्ट सपोर्टिव्ह केअर’ एवढंच लिहिलं होतं. तोंडी सांगितलं ते त्याहून कमी : ‘घरी न्या, सेवा करा.’ सेवा म्हणजे नेमकं काय करायचं, हे विचारायला मी परत आत शिरले तोवर पुढचा पेशंट खुर्चीत बसलाही होता.

नाना माझे सासरे. एसटीत ड्रायव्हर, स्वारगेट डेपोतून निवृत्त झालेले. वर्षानुवर्षं रातराणी चालवली आणि डोळा लागू नये म्हणून गालात तंबाखू. त्याच गालात कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, लाइट (रेडिएशन) घेऊन झाल्या, आणि वर्षाच्या आत गाठ मानेत परत आली ती कातडी फोडून बाहेर. जबडा बोटभरही उघडेना. नाकातून नळी घातली. खाणं, पाणी, औषधं सगळं त्यातूनच. बोलणं जवळपास बंद. माझ्या लेकीची जुनी पाटी-पेन्सिल त्यांनी उशाशी ठेवून घेतली होती, लागेल ते त्यावर लिहायचे.

त्या कागदानंतरचे दिवस आठवले की अजूनही राग येतो. दुखणं थांबत नव्हतं. मेडिकलमधून मिळणाऱ्या गोळ्यांचा परिणाम दोन तास टिकायचा. मध्यरात्री बघावं तर नाना उशी छातीशी आवळून बसलेले. कॅज्युअल्टीत नेलं की इंजेक्शन, सलाइन, बिल आणि परत घर. शेवटी पास काढायच्या खिडकीपाशी बसणाऱ्या समाजसेविकेनं माझा अवतार पाहिला आणि चिठ्ठीवर ‘सिप्ला सेंटर, वारजे’ असं लिहून दिलं. 1997 पासून हे पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी पेशंटचा त्रास कमी करणारं केंद्र तिथे आहे, पैसे घेत नाही, आणि आम्ही धायरीत राहणारी माणसं, त्या बाजूनं शेकडो वेळा गेलेली. कधी कोणी सांगितलं नव्हतं.

घरात मात्र ‘असल्या ठिकाणी’ न्यायचं म्हटल्यावर वणवा पेटला. दीर फोनवरून म्हणाले, ‘नानांना मरायला टाकताय का?’ आईंनी (सासूबाईंनी) दोन दिवस अबोला धरला. त्यांच्या डोळ्यापुढे होतं ते मुंबईचं चित्र. 1986 साली वांद्र्याला डॉ. लुईस डिसोझांनी ‘शांती अवेदना’ सुरू केलं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची सेवा करणारं ठिकाण. आईंच्या माहेरच्या कोणाला तरी तिथे ठेवलं होतं आणि ते परत आले नव्हते, एवढंच त्यांना ठाऊक. तिथल्या सिस्टर्सनी त्या माणसाचं काय काय केलं असेल, हे कोणी बघायला गेलेलंच नव्हतं.

वारज्याला पहिल्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी फाइल बाजूला ठेवली आणि थेट नानांशी बोलल्या. दुखणं शून्य ते दहात किती? नानांनी नऊ बोटं दाखवली. मग त्यांनी विचारलं, ‘दुखण्याशिवाय काय त्रास होतो?’ आम्हाला वाटलं झोप किंवा भूक लिहितील. नानांनी पाटीवर लिहिलं : ‘वास’.

जखमेला वास येत होता, हे खरंच होतं. आम्ही उदबत्त्या लावायचो, फिनाइलनं फरशी पुसायचो आणि तोंडानं मात्र ‘छे, कुठं काय’ म्हणायचो. नाना लेकीला हातानं खुणावून खोलीबाहेर का घालवतात, हे मला त्या दिवशी कळलं. आम्हाला वाटायचं, त्यांना पोरांचा गलका नको असतो.

उपाय निघाला तो इतका साधा की ऐकून चिडच आली. पाणी उकळून, त्यात मीठ घालून, निवल्यावर त्यानं जखम धुवायची. मेट्रोनिडाझोलची गोळी, होय, जुलाबावर देतात तीच, खलबत्त्यात वस्त्रगाळ कुटायची आणि ती पूड जखमेवर भुरभुरायची. वर स्वच्छ गॉज. माशी बसू नये म्हणून दिवसाही मच्छरदाणी. तीन-चार दिवसांत खोलीतला वास निम्म्याहून कमी झाला. लेक नानांच्या पायाशी बसून गृहपाठ करू लागली. एवढ्या मोठमोठ्या हॉस्पिटलांत कोणी आम्हाला ही पुडी सांगू नये?

दुसरी गोष्ट मॉर्फिन. नाव ऐकून नवरा बिचकला, ‘सवय लागली तर?’ डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या की दुखण्यापुरतं आणि वेळेवर दिलं तर ते औषधच असतं. आणि दुखलं की द्यायचं नाही, दुखायच्या आधी द्यायचं. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे पहाटे दोनला कोणी उठायला नको, त्यांनीही आणि आम्हीही. 10 मिलीग्रॅमची साधी गोळी कुटून पाण्यात विरघळवून नळीतून देता येते. बारा तासांची जी असते ती मात्र कधीही कुटायची नाही. बरोबरीनं पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून, कारण मॉर्फिननं पोट बांधलं जातं आणि नळीवरच्या माणसाचं पोट साफ झालं नाही तर ते वेगळंच दुखणं होऊन बसतं. पहिले दोन दिवस नाना झोपून होते. दीर म्हणाले, ‘बघा, गुंगी दिली.’ तिसऱ्या दिवशी नाना उठून बसले आणि पाटीवर लिहिलं, ‘पेपर’.

हे औषध कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं ते इतकं जखडून ठेवलं होतं की चार-चार परवान्यांच्या धाकानं हॉस्पिटलांनी ठेवणंच सोडून दिलं. 2014 मध्ये कायदा सुधारला, आता मान्यता असलेल्या संस्थेला राज्याचा एक परवाना पुरतो. तरी मान्यता घेणारे थोडेच. प्रत्येक गोळीची नोंद होते, उरल्या तर परत जमा करायच्या.

काही दिवस तिथे राहून आम्ही घरी आलो. दुखणं दोनवर आलं होतं. केंद्राची सिस्टर ठरावीक दिवशी घरी येणार होती, अडलंनडलं तर फोन होता. आणि इथून खरी परीक्षा सुरू झाली, कारण औषधाचं गणित सुटलं तरी माणसांचं सुटलं नव्हतं.

दर दोन तासांनी नळीतून काहीतरी द्यायचं : मुगाचं कढण गाळून, नाचणीची पातळ पेज, ताक. देताना डोकं उंच, दिल्यावर अर्धा तास तसंच, मग नळीत पाणी सोडून ती साफ. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा. कपडे, चादरी. मी पतसंस्थेत कॅशिअर, नवरा चाकणला शिफ्टमध्ये, आईंचे गुडघे गेलेले. चोवीस तासांची बाई ठेवायची तर ब्यूरो जवळजवळ माझ्या पगाराएवढे मागत होता.

आणि पाहुणे. शहाळी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन यायचे, नळी बघून ‘अरेरे’ म्हणायचे, कुठल्याशा गावच्या झाडपाल्यानं बऱ्या झालेल्या माणसाची गोष्ट सांगायचे, चहा घ्यायचे आणि दारात चपला घालताना म्हणायचे, ‘काही लागलं तर सांगा हं.’ मनापासून म्हणायचे, नाही असं नाही. पण सांगायचं काय? रविवारी दुपारी दोनला येऊन नानांची कूस बदला, असं कोणी साडूच्या मेव्हण्याला फोन करून सांगतं का?

मग एक दिवस आप्पा आले. नानांबरोबर माऊलींच्या पालखीत कित्येक वर्षं चाललेले, त्यांच्या दिंडीचा हिशेब ठेवणारे. नोकरी एसटीतच, कंडक्टरची. तिकिटांचा हिशेब लागला नाही तर खिशातून भरायचे, त्यामुळे आकड्याला पक्के. आप्पांनी चहाला नको म्हटलं, पिशवीतून लांबट वही काढली आणि विचारलं, ‘पोरी, सकाळपास्नं रात्रीपातुर काय काय लागतं ते वेळेवार सांग.’

मी सांगत गेले, ते लिहीत गेले. मध्येच चष्मा वर करून म्हणाले, ‘यातलं घरच्यानंच करायचं असं काय काय?’ जखम, मॉर्फिन आणि अंघोळ, मी म्हटलं. बाकीच्यावर त्यांनी रेघ ओढली. ‘हे आमचं.’

दिंडी म्हणजे काय, हे ज्यानं जवळून पाहिलंय त्याला यात नवल वाटणार नाही. शे-दीडशे माणसं तीन आठवडे रस्त्यावर नेऊन आणायची : भिशी गोळा करायची, ट्रक, टँकर, राहुट्या, आचारी, भाकऱ्या, कोणाचे पाय सुजले, कोणाची पिशवी राहिली. हे सगळं कामं वाटून दिल्याशिवाय होतच नाही. आप्पांनी तेच केलं. सकाळी दहा आणि दुपारी चारला दोन-दोन माणसं, कूस बदलायला आणि चादर काढायला. त्यांची नावं वार लावून लिहिली. मंगळवारी आणि शुक्रवारी डबा कोणाकडून, तेही ठरलेलं; वर बजावलेलं की गोडधोड पाठवायचं नाही, भाजी-भाकरीच पाठवायची. लेकीला क्लासला सोडणं गणेश मंडळाच्या एका पोराकडे. संध्याकाळी सातला हरिपाठाला एक माऊली. फाउलर बेड (डोक्याकडून उचलता येणारा पलंग) आणि हवेची गादी ज्येष्ठ नागरिक संघाच्या रुग्णसाहित्य केंद्रातून, अनामत आप्पांनीच भरली. गल्लीतल्या बायकांनी जुन्या सुती साड्या आणि धोतरं धुऊन, उकळून, घड्या करून आणून दिल्या. नवीन चादरींपेक्षा त्या कितीतरी बऱ्या; मऊ, लगेच वाळणाऱ्या, आणि टाकून द्यायला जीव तुटत नाही.

भिशीतून पैशांचंही थोडं बघितलं गेलं. केंद्रात पैसे लागत नाहीत. पण डायपर, गॉज, ग्लोव्ह्ज, रिक्षा आणि माझी बिनपगारी रजा, हे कोण मोजतं?

केंद्राची सिस्टर मूळची मलप्पुरमची. वही बघून ती हसली. म्हणाली, आमच्याकडे हेच चालतं. 1993 मध्ये कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेशकुमार यांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी काढली, तेव्हा सगळं डॉक्टरांभोवतीच होतं. पुढे मलप्पुरमच्या बाजूला शेजारपाजारच्या माणसांनी काम हातात घेतलं : मास्तर, रिक्षावाले, दुकानदार, कॉलेजची पोरं. दुकानांच्या गल्ल्यापाशी डबे ठेवलेले, त्यात पडणाऱ्या चिल्लरीवर गाडीचं डिझेल आणि नर्सचा पगार. 2008 साली केरळ सरकारनं पॅलिएटिव्ह केअरचं धोरणच आणलं आणि ग्रामपंचायतींकडे घरी जाणाऱ्या नर्सेस आल्या. ‘पण सरकार नंतर आलं,’ ती म्हणाली, ‘आधी डबा.’ तिचं मराठी मोडकं, पण हे वाक्य तिनं दोनदा म्हटलं.

एका रविवारी तिनं आमच्या हॉलमध्ये दिंडीच्या माणसांना शिकवलं. दहा-बारा जण, पांढरे लेंगे, कपाळाला बुक्का. नानांच्या जागी गादीवर आप्पा झोपले. कमरेखाली आडवी चादर घालायची, दोन्हीकडून दोघांनी मुठी वळून धरायची, एकानं ‘राम’ म्हटलं की दोघांनी एकदम सरकवायचं. माणसाला काखेत धरून ओढायचं नाही. तोंड कसं ओलं करायचं, ओठांना तूप कसं लावायचं. आणि काय बोलायचं नाही : ‘पुढच्या वारीला यायचंय तुम्हाला’ हे वाक्य बंद. एकानं विचारलं, ‘मग बोलायचं काय?’ सिस्टर म्हणाली, ‘काही नाही. बसा.’ वारकऱ्यांना चाळीस मिनिटं गप्प बसवणं सोपं नव्हतं. पण जमलं. एक जण तर पेपर मोठ्यानं वाचायचा तेवढाच, अगदी टेंडर नोटिसांसकट, आणि नानांना ते आवडायचं.

आणखी एक गोष्ट सिस्टरनं मला आणि नवऱ्याला स्वयंपाकघरात नेऊन सांगितली. मानेतली गाठ मोठ्या रक्तवाहिनीजवळ आहे, कधी एकदम रक्त येऊ शकतं. गडद रंगाचे, चॉकलेटी नाहीतर काळपट लाल टॉवेल आणून हाताशी ठेवा. पांढऱ्यावर रक्त दिसलं की पेशंट आणि घरचे दोघंही घाबरतात. तसं झालं तर जवळ थांबायचं, हात धरायचा, दाबून धरायचं, फोन करायचा. टॉवेल मी तुळशीबागेतून आणले. दुकानदार गुलाबी दाखवत होता. ते वापरायची वेळ आली नाही, पण ते कपाटात आहेत हे माहीत असल्यानं मला झोप लागायची.

ज्येष्ठ महिना संपत आला तसा वेगळाच पेच उभा राहिला. पालखी निघणार, म्हणजे दिंडी निघणार, म्हणजे वहीतली जवळजवळ सगळी माणसं जाणार. आप्पांनी ते आधीच हेरलं होतं. गुडघ्यांमुळे चालता न येणारे दोघं मागे राहिले, आणि मधले दिवस नानांना पुन्हा वारज्याला नेऊन ठेवायचं ठरलं. केंद्रात अशा कारणासाठीही ठेवून घेतात, घरच्यांना श्वास घ्यायला मिळावा म्हणून, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. या वेळी दीर स्वतः नाशिकहून आले आणि नानांपाशी राहिले. दिवे घाटातून आप्पांनी व्हिडिओ कॉल केला. आवाजात फक्त टाळ आणि वारा, चित्रात आप्पांचा कान. नानांनी मोबाइल कपाळाला लावला. दिरांनी नंतर कधी ‘टाकताय का’ हा शब्द काढला नाही. उलट नाशिकला अशी सोय कुठे आहे, हे तेच शोधत होते.

नानांनी स्वतःचं म्हणणं पाटीवर लिहून ठेवलं होतं : ‘मशीन नको. घरी.’ सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये अशी इच्छा आधी लिहून ठेवायला मान्यता दिली आणि 2023 मध्ये ती पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. आम्ही रीतसर कागद केला. तो कोणी मागितला नाही. पण पाटी पुसली जाते, आणि घरात दोन भाऊ असले की कागद असलेला बरा.

श्रावणात ते घरीच होते. शेवटचा आठवडा अवघड गेला तो भरवण्यावरून. पेज दिली की घशात घरघर वाढायची, पाय सुजायला लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीर आता घेत नाही, नळीतून खाणं थांबवू. आई उसळल्या, ‘माझ्या माणसाला उपाशी मारू?’ त्या उसळण्यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. दोन माणसं जेवली नाहीत त्या दिवशी, घरात ताट वाढलं तरी. शेवटी डॉक्टरीणबाईंनी आईंच्या हातात कापसाचा बोळा दिला. दर तासाला तोंड ओलं करायचं, हे काम तुमचं. आईंनी ते कोणाला करू दिलं नाही, वहीत नाव असलेल्यांनाही नाही. मॉर्फिन शेवटपर्यंत चालू होतं. घरघरीसाठी एक इंजेक्शन कातडीखाली. कुशीवर ठेवलं की घरघर कमी होते, तेही शिकलो.

गेले ते पहाटे, चारच्या सुमाराला. हॉस्पिटलकडे धाव नाही, अँब्युलन्स नाही. हे लिहायला सोपं आहे. पण घरी मृत्यू झाला की दाखला कोण देणार, हे आधी ठरवून ठेवलं नसेल तर सगळ्या शांतपणाचा विचका होतो. आमच्या फॅमिली डॉक्टरांना केंद्राचे कागद आधीच दाखवून ठेवले होते. त्यांनी येऊन तपासलं आणि घरी झालेल्या मृत्यूसाठीचा कारणाचा दाखला, नमुना 4 अ, लिहून दिला. तो असला की स्मशानभूमीत अडत नाही. नोंदणी 21 दिवसांच्या आत. सांगते ते कारण आमच्याच सोसायटीत एका घरी डॉक्टर मिळेना म्हणून दुपारपर्यंत ताटकळत बसले होते.

उरलेल्या गोळ्या मोजून परत केल्या. बेड तिसऱ्याच दिवशी गेला, मागणी होती. वही आप्पांनी नेली. आता ती वडगावच्या एका घरी चालू आहे, तिथे बाई अंथरुणाला खिळलेली आहे आणि दिंडीतल्या पुरुषांचा तिथे उपयोग नाही. म्हणून मी, डबा देणाऱ्या दोघी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, आम्ही चौघी जातो. माझा वार शनिवार. रात्रीची जागा मात्र अजून रिकामी आहे. दिवसाला माणसं मिळतात, रात्री दहा ते सहा कोणी मिळत नाही. ज्यांची मुलं लहान ती येऊ शकत नाहीत, ज्यांची मोठी झाली त्यांना स्वतःलाच जागरण सोसत नाही. आप्पा म्हणतात एसटीच्या निवृत्त लेडी कंडक्टर धुंडाळतो, त्यांना रात्रीच्या ड्यूटीची सवय असते. दोघींना फोन झालेत. एक विचार करून सांगते म्हणाली.